नातीचा डोंगर बघायला गेलो

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं वरीस लागलं होतं. परंदवडीत माझ्या वयाची माणसं काठी घेऊन फिरतात. मी घेत नाही.

त्या साली फेब्रुवारीत मी दोन दिवस प्रवास केला, तो आमच्या मावळातच. लोक हसले. म्हणाले, परंदवडीचा म्हातारा लोणावळ्याला जातो ह्याला प्रवास म्हणायचं तर आम्ही रोजच प्रवासी. हसू द्या. मी बोधगयेला जाऊन आलेला माणूस आहे. तिथंही माझं डोकं एवढं चक्रावलं नव्हतं, जेवढं घरापासून हाकेच्या अंतरावर चक्रावलं.

जायला कारण नात. सुजाता, माझ्या अशोकची थोरली. कॉलेज झालं, आता कुठं तरी खुर्चीवर बसेल असं घर धरून बसलं होतं. तर ही पाहुण्यांना डोंगरावर न्यायच्या कामाला लागली. कडे, दोर, तंबू. आठवड्यातले चार दिवस कुसगावात, दोन पोरींबरोबर खोली घेऊन. वर आता मालक तिला दोरावरची मुख्य करणार होता, आणि त्याआधी महिनाभर हिमालयाकडं शिकायला पाठवणार होता. अशोकची बोलती बंद. आमच्या घरात मोठी गोष्ट माझ्या शब्दाशिवाय होत नाही, आणि माझा शब्द झाला की पुढं कुणी बोलत नाही. अशोक म्हणाला, "आबा, तुमी एकदा डोळ्यानं बघून या. तुमी व्हय म्हणला तर जाईल. न्हाई म्हणला तर बंद, घरी."

"बरं," मी म्हणालो.

खरं सांगतो, नाही हे मी ठरवूनच पिशवी भरली. पण न बघता नाही म्हणणारा माणूस अडाणी ठरतो, आणि बघून नाही म्हणणारा शहाणा. मी चौथी पास आहे, पण अडाणी म्हणवून घ्यायची मला सवय नाही.

कुसगाव

रस्ता सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शाई घालवत नाही. एवढंच सांगतो की कामशेतच्या वर आभाळात रंगीत कापडं तरंगत होती आणि प्रत्येक कापडाखाली एक जिवंत माणूस लोंबत होता. मी शेजारच्याला विचारलं, "हे पडल्यात का?" तो म्हणाला, "पडले नाहीत बाबा, उडी मारलीय. हौस." पहिला धक्का तिथंच बसला.

कुसगावात रशीदभाईचं हापिस. हा सुजाताचा मालक, पन्नाशीचा, दाढी पिकलेली, बोलणं आपल्यासारखं मराठी. ह्याचा बाप लोणावळ्यात पाहुण्यांना घोड्यावर बसवून फिरवायचा.

"या आबा, बसा. ऐकलं की तुम्ही आमची परीक्षा घ्यायला आलाय."

"तुमची कशाला? पोरीची घ्याया आलोय."

"मग बरंय. आमी तर शाळेपास्नं नापास," असं म्हणून त्यानं चहा सांगितला.

पाहुणे दहा-बारा होते. त्यात एक नाशिकच्या नीलिमाबाई, बँकेतून रिटायर झालेल्या, साठीच्या, अंगानं भारदस्त. मी विचारलं, तुम्ही कुणाला सोडायला आलात. त्या म्हणाल्या, "सोडायला कशाला? मी कड्यावरून दोरानं उतरणार आहे. मुलगा नको म्हणाला, सून नको म्हणाली, म्हणून मुद्दाम आले."

आमच्याकडं साठीची बाई विहिरीच्या पायऱ्या उतरली तरी चार जणी ओरडतात.

पवनेच्या काठी

धरणाच्या पाण्याला लागून तंबू मांडले होते. ओळीनं, लाल, निळे, जत्रेत मांडतात तसे. ज्यांच्या घरी पलंग आहेत, गाद्या आहेत, अशी माणसं पैसे देऊन भुईवर झोपायला आली होती, आणि भुई टोचते म्हणून तक्रार करत होती. मी एकाला म्हणालो, "बाळा, न टोचणारी भुई आमी अजून काढली न्हाई."

दुपारी दोन टेकड्यांच्या मधे ओढलेली तार दाखवली. माणसाला कंबरेला, मांड्यांना पट्ट्यांनी आवळतात, तारेला अडकवतात आणि देतात ढकलून. खाली झाडांचे शेंडे. माणूस ओरडत पलीकडं जातो. आणि ढकलायचं काम कोण करत होतं, तर माझी नात! आमच्या घरी पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठेवून खाली मान घालून आत जाणारी पोरगी. ती एका धिप्पाड, चष्मेवाल्या साहेबाला म्हणाली, "पाय उचला. उचला म्हटलं ना? हां." आणि दिला सोडून. साहेब "आई गं आई गं" करत दरीवरून गेला. मी डोळे मिटले. पोलीस येतील असं मला वाटलं. थोड्या वेळानं साहेब पायवाटेनं धापा टाकत परत आला आणि म्हणाला, "मॅडम, अजून एकदा."

मॅडम! मी इकडंतिकडं बघितलं, मॅडम कोण. तर हीच.

"आबा, तुमी जाता का?" तिनं मला विचारलं.

"मी काय वाळत घातलेली गोधडी हाय व्हय तारंवर लोंबायला?"

सगळे हसले. ती पण हसली, पण हात मात्र पट्टे ओढून बघतच होते. बोलताना तिचं तोंड माझ्याकडं होतं, डोळे नव्हते.

सगळ्यात मोठा धक्का चुलीपाशी. गावातली एक बाई चूल पेटवून बसलेली आणि तिच्यासमोर पाहुण्यांची रांग, तांदळाची भाकरी थापायला शिकायची म्हणून. ह्यालाही ते अॅक्टिव्हिटीच म्हणतात. आमच्या घरातल्या पोरी ज्या कामातून सुटायला शिकल्या, ते काम ही माणसं मोटार काढून करायला आली होती. कुणाची भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी, कुणाची तव्यावर पडायच्या आधीच फाटलेली. प्रत्येकीचा फोटो. ती बाई माझ्या कानाशी म्हणाली, "आबा, ह्यांच्या भाकरीपरीस माझ्या शेण्या गोल असत्यात." पण पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाली, "छान जमली हं ताई!" जेवताना ती नकाशाची भाकरी माझ्याच ताटात आली. खाल्ली. पिठल्याबरोबर काहीही जातं.

सूर्य बुडताना सगळे पाण्याकाठी जाऊन बसले. कुणी बोलेना. मला वाटलं कुणी वारलं का काय. सूर्य तुंग किल्ल्याच्या बाजूला डोंगराआड गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला. सूर्याला टाळ्या! तो काय ह्यांच्यासाठी बुडाला होता?

सुजाता माझ्याजवळ येऊन दगडावर बसली.

"कसं वाटलं आबा?"

"येडी माणसं गोळा केलीत."

"अन् काम?"

"उद्या बघतो."

"तुमी न्हाईच म्हणणार. मला ठाऊक हाय."

"मग कशापायी आणलंस?"

"बघितल्याबिगर म्हणू नये म्हणून," ती म्हणाली आणि उठून तंबूच्या दोऱ्या ताणायला गेली.

पोरगी माझ्यावर गेलीय, हे मला तेव्हा कळलं. आवडलं नाही.

लेणीखाली

दुसऱ्या दिवशी जीपनं डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथून चढ. गवत वाळून पिवळं झालेलं, काटेसावरीला पान नाही पण लाल फुलं लगडलेली, कारवीच्या काटक्यांतून वाट. पाहुण्यांच्या पायात किलोकिलोचे बूट आणि तरी ते घसरत होते. मी चपलेवर पुढं चाललो. वर मध्यावर लेणी आहे. नाव लिहीत नाही. गर्दी तिथं आधीच पुष्कळ होते आणि ती कुणाच्या सोयीची नाही.

शेवटच्या चढाआधी सुजातानं सगळ्यांना बसवलं. पत्र्याचा डबा उघडला आणि म्हणाली, "ऐका. वर कड्याला आग्या मोहोळ आहे. आपण त्याच्या वाटेला गेलो नाही तर ते आपल्या वाटेला येत नाही. अत्तर, स्प्रे, सिगारेट, काडेपेटी, लायटर सगळं ह्या डब्यात. परतताना मिळेल. वास नको, धूर नको." आणि एकेकाची पिशवी उघडून बघायला लागली. नीलिमाबाईंच्या पर्समधून पावडर निघाली, ती पण काढून घेतली. चष्मेवाल्या साहेबानं सिगारेटी मुकाट दिल्या.

माझ्यापाशी आली. मी पिशवी मांडीवर धरली होती. तिनं हात पुढं केला.

"माझी झडती घेतीस व्हय गं?"

माझा आवाज जरा मोठा आला असेल. पाहुणे हसले. तिचा हात तसाच राहिला. माझ्या पिशवीला आजवर घरात कुणी हात लावलेला नाही, तिच्या बापानंही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, हात मागं घेतला आणि पुढच्या माणसाकडं गेली.

विडीचं बंडल मी स्वतःहून डब्यात टाकलं. मी नियम मोडणारा माणूस नाही.

वर गेलो तर लेणी बघून मन भरून आलं. आत दगडात कोरलेला स्तूप, गुळगुळीत, थंड. बाजूला भिक्षूंच्या दोन खोल्या, बाहेर पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षं तो स्तूप तिथं उभा आणि मी एवढ्या जवळ जन्म काढून कधी पाय ठेवला नव्हता. आणि बाहेर येऊन बघतो तर लेणीच्या डाव्या अंगाला, अगदी हातभर सोडून, कड्यावरून दोर सोडलेले. वरून माणसं उतरणार. म्हणजे भगवंताच्या डोक्यापाशी पाय, आणि खाली टाळ्या! माझं डोकं फिरलं. मी तिला म्हणालो, "हे बरं न्हाई." ती म्हणाली, "आबा, लेणीला दोर शिवत न्हाई, कडा येगळा हाय." मला ते पटलं नाही. आमच्यात लेणीला जायचं ते वंदनेला. रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि दारात असा धिंगाणा घालून तर कधीच जात नाहीत. ह्या लोकांच्या वतीनं निदान मी तरी क्षमा मागावी, म्हणून मी आत गेलो.

पिशवीत मेणबत्ती, उदबत्तीचा पुडा आणि वंदनेची काडेपेटी होती, ती मी डब्यात टाकली नव्हती. विडी ती विडी. उदबत्तीला धूर म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात रोज सांजसकाळ लावतो. मेणबत्ती पेटवली. आणि एवढ्या वर्षांनी आलो म्हणून दोन-चार काड्या नाही, अख्खा पुडा स्तूपापुढच्या भेगेत खोवून पेटवला. डोळे मिटून त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. आवाज लेणीत घुमत होता. फार बरं वाटलं.

मग दुसराच आवाज ऐकू आला. दूरवर ट्रक चढ चढताना होतो तसा.

बाहेर आलो. उदबत्तीचा धूर दारातून निघून खडकाला चिकटून वर चालला होता, आणि वर कपारीला जे काळं सुपाएवढं लोंबत होतं, ते हललं. पाणी सांडावं तसं ते कड्यावरून सुटलं.

नीलिमाबाई त्या वेळी कड्याच्या मध्यावर होत्या. त्यांच्या कंबरेचा एक दोर वर कडीतून फिरून खाली आलेला, आणि त्याचं टोक सुजाताच्या हातात. म्हणजे तिनं दोर सैल सोडला तर बाई सरळ खडकावर. हे मला तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. आता दिसलं. माश्या आल्या तशा बाईंनी किंचाळून आपल्या हातातला दोर सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचा सगळा भार त्या एका टोकावर आला. सुजाता दोन पावलं पुढं ओढली गेली आणि थांबली.

मी ओरडत तिच्याकडं पळालो, हातवारे करत. त्यानं माश्या आणखी चवताळल्या. एक माझ्या कानावर, एक पापणीवर.

"आबा, मागं! आत जा! हात हलवू नका! खाली बसा!"

मला कुणी असं बोललेलं मला आठवत नाही. मी बसलो. पाहुणे झाडीकडं पळाले होते. उघड्यावर ती एकटी उभी. आणि मी जे बघितलं ते लिहितानाही माझा हात थांबतो. तिच्या गालावर माश्या होत्या, मानेवर होत्या, डोळ्याच्या कडेला होत्या, आणि ही पोरगी हात उचलत नव्हती. एकदासुद्धा नाही. अंगावर माशी बसली की बैलाचं कातडंही थरथरतं. हिचे दोन्ही हात दोरावर. वीतवीत दोर सोडत होती आणि वर बघून हाका मारत होती, "ताई, पाय भिंतीला लावा. येताय तुम्ही. आल्यात. अजून थोडंच." आवाज असा, जसं काही स्वयंपाकघरातून बोलतेय.

बाई जमिनीला टेकल्या. तिनं कडी सोडवली, त्यांना कवेत धरून लेणीत आणलं, मग बाहेरून मला ओढलं, आणि तो पेटलेला पुडा टाक्याच्या पाण्यात टाकला. मग खाली बसली. तेव्हा पहिल्यांदा तिनं हात तोंडाला लावला.



परत कुसगाव

डॉक्टरनं तिघांचे काटे काढले, इंजेक्शनं दिली. सुजाताचे काढताना त्यानं मधे थांबून मान मोडून घेतली. संध्याकाळी हापिसात बसलो तेव्हा तिचा एक डोळा बंद झाला होता आणि ओठ सुजून वाकडा. माझाही एक डोळा मिटलेला. नीलिमाबाईंच्या गालावर दोन गाठी, बाकी ठीक. त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "मी दोर सोडला होता हो. सोडला होता. तरी पडले नाही." गाडी आली तशी त्यांनी सुजाताचा हात हातात घेतला, सोडेनात. मग गेल्या.

रशीदभाई त्यांना गाडीपर्यंत सोडून आला. मी म्हणालो, "चूक माजी हाय. उदबत्ती मी लावली."

"ते मला माहितीय आबा. तुम्हाला काय बोलू? तुम्ही वंदना केली. तुमच्या जागी माझा बाप असता तर त्यानं लोबान लावला असता." मग तो तिच्याकडं वळला. "पण तू. सगळ्यांच्या पिशव्या बघितल्यास ना?"

"व्हय."

"आबांची?"

तिनं नकाराची मान हलवली.

"का नाही?"

"आबा हायेत," ती म्हणाली.

"म्हणूनच विचारतो. दोर तू आज धरलास तसा माझ्याकडं कुणी धरला नसता, मी पण नाही. पण दोर धरायची वेळच का आली? घरच्या म्हाताऱ्याला जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या हातात मी लोकांची माणसं कशी देऊ? तिकडं बर्फात मोठमोठे लोक म्हणतील, चल पुढं, काही होत नाही. तिथंपण गप्प बसशील? मला विचार करावा लागेल बेटा. मुख्य कुणाला करायचं, तिकडं कुणाला पाठवायचं, सगळंच."

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मी जे करायला आलो होतो ते माझ्या हातानं न करताच झालं होतं. मालकच नको म्हणत होता. मला फक्त उठायचं होतं. मी उठलो.

"ऐकलंस नव्हं? चल. पिशवी घे तुजी. झालं हे. घरी चल."

"न्हाई."

मला वाटलं रशीदभाई बोलला. त्याच्याकडं बघितलं, तर तो तिच्याकडं बघत होता.

"आबा, मी येत न्हाई," ती म्हणाली. ओठ सुजल्यामुळं शब्द जड येत होते, पण एकेक वेगळा. "तुमी घरी जा. बाबाला काय सांगायचं ते सांगा. बंद म्हणायचं तर म्हणा. पण मी हितंच ऱ्हाणार. अन् भाई ठेवणार नसतील तर दुसऱ्याकडं काम बघणार. हेच काम."

"कुणाशी बोलतीस, कळतंय का?"

"कळतंय. सकाळी कळलं न्हवतं, म्हणून हे झालं. सकाळीच तुमच्या हातातनं पिशवी घ्यायला पायजे हुती. तुमी चिडला असता, चार दिवस बोलला नसता. पण त्या बाई वर असताना मोहोळ उठलं नसतं. इथनं पुढं घेणार, आबा. तुमी कितीबी डोळं वटारा."

एक डोळा तर वटारायला उघडतच नव्हता. मी उभा राहिलो, तसाच. त्र्याहत्तर वर्षांत मला माझ्या माणसानं तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं. दोन दिवस मी धक्क्यांवर धक्के खात होतो, तार, भाकऱ्या, टाळ्या. ते सगळे बाहेरचे होते. हा आत बसला. राग यायला पाहिजे होता. मी वाट बघत होतो, आत्ता येईल. आला नाही. मला सारखा तिचा गाल दिसत होता, त्यावर चालणाऱ्या माश्या, आणि न हललेला हात.

रशीदभाईनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. बराच वेळ दाढी खाजवली.

"उद्या दोराला हात लावायचा नाही, डोळा बंद आहे," तो म्हणाला. "पण सकाळची बॅच आहे. पिशव्या तपासायला ये. नीट तपास. पुढच्या महिन्याचं मग बोलू."

"येते."

मी खाली बसलो. कुणी मला बस म्हणालं नव्हतं.

रात्री त्यांच्या हापिसातच बाकावर पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठायच्या आत निघालो आणि उन्हं वर यायच्या आधी परंदवडीला पोचलो. अशोक ओट्यावर ब्रश करत बसला होता. माझं तोंड बघून ब्रश हातातच राहिला.

"आबा, डोळ्याला काय झालं? अन् सुजाता कुटं हाय?"

"कामावर," मी म्हणालो, आणि तोंडावर पाणी मारायला मोरीकडं गेलो.